मीटरच्या आतला माणूस

आमच्या धंद्यात माणूस भेटायच्या आधी त्याचं काम भेटतं. पहिल्या डॉक्टरने टाके कसे घातले होते, हे दुसऱ्यांदा पोट उघडणाऱ्या डॉक्टरलाच कळतं, तसं. एका माणसाच्या कामावर मी आठ-दहा वर्षं जळलो आणि त्या सगळ्या काळात त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. या अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. त्याही आहेत, पण लिहायला बसलं की आधी आठवतं ते हे जळणंच.

माझं दुकान नाशकातल्या द्वारका चौकाजवळ. मोटारीच्या स्टिअरिंगसमोर ज्या काट्याच्या तबकड्या असतात, त्यांना आम्ही सरसकट मीटर म्हणतो. गाडी किती वेगात आहे ते सांगणारं एक, टाकीत पेट्रोल किती ते सांगणारं दुसरं, बॅटरी भरते आहे का ते सांगणारं तिसरं आणि इंजिन किती तापलं ते सांगणारं चौथं. गॅरेजवाला इंजिन खोलतो, ब्रेक खोलतो, पण मीटर खोलायला त्याची बोटं जाड पडतात. मग ते माझ्याकडे येतं. काचेभोवती पत्र्याचं कडं असतं, त्याची किनार मागे मुडपलेली असते. ती जरा जरा करत उचलायची, कडं काढायचं, मग काच, मग काटा, मग तबकडी. तिच्यामागे केसासारख्या तारेचं वेटोळं असतं. खरं काम तिथे. गाडीच्या मालकाला ते जन्मात दिसत नाही. ते बघणारा जगात एकच, पुढच्या वेळी ते मीटर उघडेल तो.

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास नाशकात मीटरचं नाजूक काम म्हटलं की माझं नाव निघायचं. मलाही ते मनापासून पटलेलं होतं. दुसऱ्याचं काम उघडलं की मला फार बरं वाटायचं. कड्यावर स्क्रूड्रायव्हरचे चावे, आत डिंकाचे गोळे. एकाने तर तुटलेल्या काट्याच्या जागी उदबत्तीची काडी रंगवून बसवली होती. असलं काही दिसलं की मी ते शेजारच्या बॅटरीवाल्याला बोलावून दाखवायचो आणि दिवस छान जायचा.

गिऱ्हाइकंही एकेक नग. जुनी गाडी विकायला काढलेले यायचे आणि हळूच म्हणायचे, "जरा तरुण करून द्या की." म्हणजे किलोमीटरचे आकडे मागे फिरवून द्या. मी त्यांना समोरच्या सलूनचा रस्ता दाखवायचो. पण सगळ्यात वेगळी मागणी कळवणच्या एका जीपवाल्याने आणली. खेड्यापाड्यांत सवाऱ्या नेणारी जीप, आणि तिचं पेट्रोलचं मीटर अगदी ठणठणीत.

"मीटर चांगलं शे, तेच तर दुखणं शे," तो त्याच्या अहिराणी वळणात म्हणाला. "टाकी भरेल दिसनी की भाऊबंद गाडी मागतस. काटा कायम खाले राहू द्या."

मला हसू आलं. काटा आतून अडकवून द्यावा म्हणून मी मीटर उघडलं आणि हसू जिथल्या तिथे थांबलं.

आतलं वेटोळं कुणीतरी हाताने पुन्हा गुंडाळलेलं होतं. कारखान्यात यंत्रावर गुंडाळतात त्यापेक्षा सरस. तारेचा एकेक वेढा शेजारच्या वेढ्याला चिकटून, मध्ये फट नाही, चढ नाही. शेवटी तार सुटू नये म्हणून दोऱ्याची एक गाठ मारलेली, आणि त्या गाठीला टोकच दिसेना. दोरा स्वतःच्याच खाली जाऊन कुठेतरी नाहीसा झाला होता. कड्यावर बाहेरून ओरखडासुद्धा नाही. मी भिंग लावून दहा मिनिटं पाहत बसलो. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते मला नीट आठवतं.

"आधी कुणी केलंय हे?" मी विचारलं.

"काय माहीत. जीप मी सेकंड लिधी," तो म्हणाला.

त्या मीटरला हात लावायची माझी छाती झाली नाही. जीपवाल्याला मी डॅशबोर्डखाली एक छोटं बटण बसवून दिलं. ते दाबलं की मीटरची वीज तुटायची आणि काटा खाली पडायचा. तो खूश होऊन गेला. मी मात्र शेजारच्या बॅटरीवाल्याला त्या दिवशी बोलावलं नाही.

त्यानंतर तो वेटोळं गुंडाळणारा मला भेटतच राहिला. कधी निफाडच्या ऊसवाल्याच्या अँबॅसिडरमध्ये, कधी दिंडोरीच्या एखाद्या ट्रॅक्टरमध्ये. वर्षातून दोनदा, तीनदा. तीच गुंडाळणी, तीच टोक नसलेली गाठ, आणि गाठीचा तोच दोरा. हा दोरा मला फार छळायचा. सुती नव्हता, रेशमी नव्हता, नायलॉन तर नव्हताच. फिकट पिवळा, चपटा, वर लाखेचा हात दिलेला. माझी खात्री झाली की हा दोरा बाहेरच्या देशातून येत असणार आणि याचं सगळं यश त्यातच असणार. मी त्याचा एक तुकडा पाकिटात घालून मुंबईला गेलो आणि इलेक्ट्रिकच्या सामानाच्या बाजारात दुकान दुकान हिंडलो. एकाने सांगितलं जपानी आहे. दुसरा म्हणाला, जर्मनीहून येत होता, आता बंद झाला. मला जर्मनीचं पटलं. इतकं सुबक काम करणारा माणूस जर्मन दोरा वापरणार, हे मनाला बरं वाटायचं. आपल्याला मिळाला असता तर आपणही केलं असतं, असं म्हणायची सोय होती.

घरी मी त्याच्याबद्दल इतकं बोलायला लागलो, की आमच्या हिने, सुमनने, एकदा जेवता जेवता सांगितलं, "अहो, बायका सवतीबद्दल बोलतात तसं तुम्ही त्या माणसाबद्दल बोलता."

"मला काय करायचंय त्याच्याशी," मी म्हणालो.

"तेच म्हणतेय. भाजी घ्या."

तिचं खरं होतं. मी त्याचं रूपही ठरवून टाकलं होतं. मुंबईत शिकलेला, सोन्याच्या काड्यांचा चष्मा, हाताखाली दोन माणसं, आणि आपल्यासारख्याची मीटर उघडून गालातल्या गालात हसणारा. हे हसणं मला सहन व्हायचं नाही. मग माझं कामच बदललं. आजवर मी आतलं काम ठीकठाक करायचो, टिकेल इतपत. आता एकेक वेटोळं तीन-तीनदा उलगडून गुंडाळू लागलो. गाठ मारायला लाल रेशमी दोरा आणला, म्हणजे माझं काम ओळखू यावं. गिऱ्हाईक बाहेर बसून कंटाळायचं, चहा पिऊन यायचं, परत कंटाळायचं. मी आत त्या न पाहिलेल्या माणसासाठी काम करत असायचो. कधीतरी तो हे उघडेल आणि त्याच्याही पोटात दुखेल, एवढीच इच्छा. माझं काम सुधारलं ते असं, दुसऱ्याच्या पोटात दुखावं म्हणून.

आणि त्याने उघडलं. निफाडचीच एक अँबॅसिडर पुन्हा माझ्याकडे आली. तिचं पेट्रोलचं मीटर मी चार वर्षांपूर्वी केलेलं होतं. तबकडी काढली. वेढे माझेच होते, पण लाल दोरा गायब. त्याच्या जागी पिवळा चपटा दोरा आणि ती टोक नसलेली गाठ. माझं बाकी सगळं तसंच ठेवून त्याने फक्त माझी गाठ सोडून स्वतःची मारली होती. मास्तर वहीत एका शब्दावर काट मारून वर बरोबर शब्द लिहितात ना, तसं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाडीच्या मालकावर मी उगाचच ओरडलो, की माझ्याकडचं मीटर दुसरीकडे नेलंच कशाला. तो बिचारा म्हणाला, "आमच्या ड्रायव्हरनी नेलं आसंल, मला काय म्हाईत?"

ड्रायव्हर तोवर नोकरी सोडून गुजरातेत गेला होता.

नवं शतक लागलं त्या सुमारास दिंडोरीचे अप्पासाहेब माझ्याकडे आले. द्राक्षांचे मोठे बागाईतदार, बोलायला मोकळे, आणि जुन्या गाड्यांचं वेड. एकोणीसशे पन्नासच्या आसपासची एक हिरवी इंग्लिश मोटार त्यांनी मुंबईहून आणून उभी केली होती. सगळं चालू झालं होतं, फक्त इंजिन किती तापलं ते सांगणारा काटा मेलेला. गाडी घेऊन त्यांना घरच्या सगळ्यांसह वणीच्या गडावर जायचं होतं.

"घाटात इंजिन तापलं आन् मला कळलं नाही, तर एवढं जमवलेलं इंजिन जाईल," ते म्हणाले. "आन् डॅशबोर्डला नवं प्लॅस्टिकचं मीटर मी लावू देणार नाही. हेच झालं पाहिजे. होईल का? नाहीतर मुंबईला धाडतो."

"मुंबईला कशाला," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून फार पटकन निघालं.

त्या मीटरची गंमत अशी, की ते विजेवर चालत नाही. इंजिनच्या पाण्यात बोटाएवढा एक तांब्याचा फुगा बुडवलेला असतो. त्यात ईथर नावाचं, लगेच उडून जाणारं द्रव असतं. फुग्यापासून मीटरपर्यंत तांब्याची बारीक नळी येते, आतलं भोक सुईच्या टोकाएवढं. पाणी तापलं की ईथरची वाफ नळीतून येते आणि काट्याला ढकलते. या गाडीची नळी तुटली होती आणि ईथर केव्हाच उडून गेलं होतं. अशा वेळी दुसऱ्या भंगार मीटरचा भरलेला फुगा नळीसकट कापून याला जोडतात. कापण्याआधी फुगा मीठ घातलेल्या बर्फात दाबून ठेवायचा, आपण पॉटचं आइस्क्रीम करतो तसा, म्हणजे ईथर गारठून जागेवर बसतं. मग झटपट कापायचं, जोडायचं आणि सोल्डर करायचं, म्हणजे वितळलेलं कथील लावून जोड बुजवायचा.

माझ्याकडे असे भरलेले दोनच फुगे होते. पहिला मी जोडला. काटा उठला, मी सुमनला फोन करून सांगितलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी काटा झोपला. सोल्डर करताना नळी तापते, ती ऊब फुग्यापर्यंत जाते, वाफ उसळते आणि ओल्या सोल्डरमधून डोळ्याला न दिसणारी वाट काढून जाते. हे मला कळत होतं. कळून उपयोग नव्हता, उपाय सुचत नव्हता. उरलेला फुगा असाच गेला असता तर अप्पासाहेबांची गाडी मुंबईला आणि माझं नाव गंगेत. जुन्या गाडीवाल्यांचं एक गावच असतं, एकाला कळलं की सगळ्यांना कळतं. मी मीटर टेबलावर ठेवून आठवडाभर नुसता त्याच्याकडे बघत होतो, आणि तो पिवळ्या दोऱ्यावाला असता तर त्याने कसं केलं असतं, हेच डोक्यात घोळत होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुकानातल्या हत्यारांच्या पूजेसाठी फुलं आणायला मी आणि सुमन गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी, गेलो. झेंडूचे ढीग लागलेले. सुमन एका बाईजवळ गजऱ्यासाठी थांबली. बाई गजरा बांधता बांधताच आमच्याशी बोलत होती, हाताकडे बघत नव्हती. मी बघितलं. तिच्या पायाच्या अंगठ्यात अडकवलेला दोरा फिकट पिवळा होता आणि चपटा होता. गजरा संपला. तिने बोटाला एक हिसडा दिला आणि दोऱ्याचं टोक स्वतःच्याच खाली जाऊन नाहीसं झालं.

"हा दोरा कुठला?" मी विचारलं.

"कुठला म्हंजी? केळीचं सोपट हाय, खोडाची साल. भिजवायचं, चिरायचं, झाला दोरा."

सुमनने तोंडाला पदर लावला. माझ्या जर्मनीची कथा तिला पाठ होती.

"आणि ही गाठ?"

"आमच्या मळ्यात समदे आशीच मारत्यात. सासूबाईंनी शिकवली."

मी मनाचा हिय्या करून विचारलं, की तुमच्याकडे कुणी गाड्यांच्या मीटरचं काम करतं का.

"सोपान भाऊजी," ती म्हणाली. "आमचे चुलत दीर. मखमलाबादच्या मळ्यात असत्यात. करत्यात आसं कायबाय."

कायबाय. दहा वर्षं माझी झोप उडवणाऱ्या कामाला घरात हे नाव होतं.

दसरा झाल्यावर मी मखमलाबादला गेलो. मीटर आणि शेवटचा फुगा टॉवेलात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत घेतलेला होता, पण मी स्वतःला सांगत होतो की नुसता माणूस बघून यायचा. सोन्याच्या काड्यांचा चष्मा नव्हता. माझ्याच वयाचा, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातापायाला माती लागलेला माणूस शेवंतीला पाणी देत होता. पडवीत फुलांच्या पाट्या, एका कोपऱ्यात लाकडी पेटी आणि तिच्यावर सोल्डरची इस्तरी.

"मी द्वारकेचा मीटरवाला," मी म्हणालो आणि थांबलो. त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मला बघायचं होतं.

"आसं का? बरं. बसा," तो म्हणाला.

काहीच उमटलं नाही. मी म्हणालो, "माझी काही मीटर तुमच्याकडे आली असतील. लाल रेशमी दोऱ्याची."

"आली आसतील," तो म्हणाला. "आपण कुठं बघतो आधी कुणी केलं ते. मोडलं काय, तेवढं बघायचं. लाल दोरा? सुटला आसंल, बदलला आसंल."

मी पाट्यांच्या शेजारी बसून राहिलो. त्याने माझ्यावर काट मारली नव्हती. हसलाही नव्हता. त्याने मला पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं मी ज्याच्या डोळ्यांसाठी वेढे मोजत बसलो, त्याचे डोळे तिकडे वळलेच नव्हते, आणि माझी गाठ खरोखरच सुटली होती. काट मारली असती तर परवडलं असतं.

टॉवेल मी का उघडला ते सांगता येत नाही. राग होता, आणि याला तरी जमतं का बघू, अशी एक घाणेरडी आशाही होती. त्याने मीटर हातात घेतलं, नळीची दोन टोकं पाहिली, मी पहिल्या वेळी काय केलं ते विचारलं.

"फुगा गार ठिवला, नळी गरम झाली," तो म्हणाला. "मधी आडवायला पायजे ना कायतरी."

फुलं टिकवायला आणलेला बर्फ घरात होताच. त्याने फुगा मीठ-बर्फात दाबला. मग केळीचं ओलं सोपट घेऊन जोडाच्या खालच्या, फुग्याकडच्या अंगाला नळीभोवती गच्च गुंडाळलं, बोटभर जाड, आणि शेवटी ती गाठ मारली. "हितून म्होरं ऊब जात नाय," तो म्हणाला. "धरा वो जरा."

मी धरलं. नाशकातला मीटरवाला मी, त्याचा हेल्पर होऊन नळी धरून बसलो. त्याने कापलं, जोडलं, इस्तरी टेकवली. सोपटातून वाफ निघाली, पण ती पाण्याची. जोड आरशासारखा चकचकीत बसला. त्याचे हात माझ्या तोंडासमोर होते आणि त्यांना कसलीच घाई नव्हती. फुगा उकळत्या पाण्याच्या पातेल्यात सोडला तेव्हा काटा उठला आणि शेवटच्या आकड्याजवळ जाऊन थांबला. मला वाटलं होतं, आता तरी आनंद होईल. तो झाला नाही. मला त्याचे हात हवे होते.

"कुणाकडे शिकलात?" मी विचारलं.

"कुणाकडं नाय. मळ्यातल्या जीपचं मीटर बंद पडलं, म्हून खोललं. मंग लोक आणाय लागले. पावसात फुलांचं काम नसलं की बसल्या बसल्या करायचं." त्याने इस्तरीचा प्लग काढला. "आता हे शेवटचं. पॉलीहाऊस टाकतोय गुलाबाचं. मीटरला कुठं टाइम हाय?"

मी त्याला म्हणालो की हे काम सोडू नका, असा हात पुन्हा होणार नाही. मी हे अगदी कळवळून म्हणालो. मी, ज्याने दहा वर्षं याचं दुकान बुडावं अशी इच्छा धरली होती.

"लय किचकट हाय वो ते," तो म्हणाला. "तुम्हाला कट्टाळा येत नाय?" आणि ती लाकडी पेटी माझ्याकडे सरकवली. "लागंल त्ये घिऊन जा. हितं नुसती आडगळ व्हती."

पेटी मी स्कूटरला पुढे बांधून आणली. सुमनने ती उघडून पाहिली आणि म्हणाली, "चला, गेली एकदाची सवत. आता तरी खूश ना?"

अप्पासाहेबांची गाडी गडावर जाऊन आली. घाटात काटा वर चढला तिथे त्यांनी गाडी थांबवली, इंजिन निवू दिलं आणि पुढे गेले. काम मखमलाबादच्या सोपानचं आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माणूस पाठवून त्याला आणखी दोन मीटर करायला सांगितली, तर त्याने गुलाबाचा गुच्छ पाठवून दिला आणि माझं नाव सांगितलं. तेव्हापासून अप्पासाहेब नव्या कुणा जुन्या गाडीवाल्याला घेऊन दुकानात आले, की माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "मीटरच्या कामात नाशकात एक नंबर माणूस."

मी मान हलवतो. रेशनच्या रांगेत पुढचा माणूस कंटाळून घरी निघून गेला, की मागचा पहिला होतो. मी तसा एक नंबर आहे.